मदत हवी आहे : वजन उतरल्यावर पोटाची लोंबणारी कातडी काढण्याचं ऑपरेशन (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

माझ्या वहिनीसाठी विचारतेय, तिला सांगूनच. वय ४१, राहणं कोलशेतला. दोन वर्षांपूर्वी तिची जठर लहान करण्याची सर्जरी झाली (स्लीव्ह). तेव्हा वजन १२६ किलो होतं, आता ७४ च्या आसपास आहे आणि बरेच महिने तिथेच टिकलंय. शुगरची गोळी बंद झाली, बीपीची निम्म्यावर आली, गुडघे कुरकुरत नाहीत.

त्रास आहे तो पोटाच्या कातडीचा. बेंबीखालून ती लोंबून जांघेवर टेकते. त्या घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते, आत लालबुंद होतं, चिरा पडून पाणी सुटतं आणि वास येतो. पावसाळ्यात तर काही वाळतच नाही. सकाळी घणसोलीच्या ऑफिसला निघताना ती सुती रुमाल दुमडून त्या घडीत ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन दुसरा ठेवते. सलवारची नाडी वर बांधली तर कातडी खाली सुटते, खाली बांधली तर नाडी नेमकी जखमेत रुतते. मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग आधीपेक्षा जास्त पसरतं.

आई म्हणते, "एवढी बारीक झालीस, आता पुन्हा कशाला अंगाला सुरी लावून घेतेस?" दादाला वाटतं हे दिसण्यासाठी चाललंय. मला हे अजिबात पटत नाही. जिला ओल्या जखमेवर कपडे घालून रोज गाडीत उभं राहावं लागतं, तिचं हे दुखणंच आहे. तिने दोन वर्षं जेवणाची शिस्त पाळली ती घरात आम्ही सगळ्यांनी पाहिलीये.

दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी फक्त लोंबणारा भाग काढू म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी कमरेभोवतीची पूर्ण, शिवाय दंडांचीही कातडी एकाच वेळी काढू असं सुचवलं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.४ आहे, बी१२ आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) कमी. एवढ्या रक्तावर ऑपरेशन करून घ्यावं का? एकाच वेळी सगळं करणं ठीक आहे का? आणि इन्शुरन्स मिळतो का? मुलगी दहावीला आहे, त्यामुळे घरी किती दिवस हातपाय हलवता येणार नाहीत हेही कळलं तर बरं.

– निशिगंध_ऐरोली

---

वॉर्डातली_ताई : निशिगंध, मी बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नोकरी केली, त्यावरून लिहिते. ९.४ वर घाई नको. हे तातडीचं ऑपरेशन नाही आणि यात टाके लांबलचक असतात, रक्तही जातं. जठर लहान झालेल्यांना लोह आणि बी१२ नीट शोषलं जात नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांनी महिनोन्‌महिने फरक पडत नाही. फिजिशियनला शिरेतून लोह द्यायचं का ते विचारा. प्रोटीन रोज निदान ६० ते ८० ग्रॅम पोटात जातं का तेही बघा. दोन अंडी म्हणजे जेमतेम १२-१३ ग्रॅम, वाटीभर आमटीवर हे भागत नाही. प्रोटीन कमी असलं की टाके उसवतात, जखम भरत नाही, हे मी खूप पाहिलंय. घरात कुणाच्या सिगारेटचा धूर असेल किंवा वहिनी मिश्री लावत असेल तर निदान महिनाभर आधी ते पूर्ण बंद. निकोटीनमुळे कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडतात.

सगळं एका बैठकीत करण्याबद्दल माझं मत सावध आहे. जितका वेळ भूल, तितका पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका जास्त, आणि ती गुठळी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. तिला त्रास पोटाचा आहे ना, मग आधी पोट. दंडांना घाई काय? डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का आणि हॉस्पिटलला आयसीयू आहे का, हे स्पष्ट विचारा. हर्निया नाही ना, तेही तपासून घ्या.

ती ट्यूब आजपासून बंद. त्यात बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं असणार. त्याने खाज थांबते आणि नायटा आत वाढत जातो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ऑपरेशनच्या वेळी घडीत जखम असेल तर इन्फेक्शनची भीती असते.

नेरूळकरीण : माझं पोटाचं झालंय, म्हणून खरं काय ते सांगते. पहिला आठवडा ताठ उभं राहता येत नाही, कमरेत वाकूनच चालायचं. झोपताना पाठीशी उशा आणि गुडघ्यांखाली लोड. खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरायची. दोन्ही बाजूंना जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात, त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं. नळ्या काढल्यावरही माझ्या पोटाच्या कातडीखाली पाणी साचलं, ते सुईने काढावं लागलं. हे बऱ्याच जणींना होतं, घाबरू नका. पोटाचा पट्टा सहा आठवडे. तोवर जड बादली, कुकर, गॅसचा सिलिंडर काही उचलायचं नाही, आणि गर्दीची लोकल तर नाहीच. व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आहे, बेंबीखालचा भाग अजून बधिर आहे. वजनात फक्त काही किलोंचा फरक पडला. पण त्या घडीतलं पुरळ गेलं ते गेलंच, पाठही कमी दुखते. मी पुन्हा करावं लागलं तरी करेन.

क्लेमवाला_वाशी : पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेल्या मजकुरात अपवाद आहेत : अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना, आणि प्रकृतीला थेट व तात्काळ धोका असेल तर तो दूर करण्यासाठीचे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार. हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांचे तारखेसह कागद, औषधांची बिलं, जखमेचे फोटो आत्तापासून जमवा. दंडांचं बिल यात घुसवू नका, मग सगळंच कॉस्मेटिक ठरवतील. मंजुरी आधी लेखी मागा. नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, आणि तिथे ३० दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम आणि सायन हॉस्पिटलमध्ये प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. नंबर लावून थांबावं लागेल, पण तिसरं मतही मिळेल.

निशिगंध_ऐरोली : तिघांचेही मनापासून आभार. वहिनीने सगळं वाचलं आणि नेरूळकरीणताईंचा प्रतिसाद दादाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने फार वाद घातला नाही, फाइल कुठे आहे एवढंच विचारलं. तर आता आधी त्वचेचे डॉक्टर आणि लोहाचं बघतो, ऑपरेशन मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर, आणि फक्त पोटाचं. दंडांचं तिने स्वतःच बाजूला ठेवलंय.

एकच राहिलं. पहिले पंधरा दिवस नळ्यांचं पाणी मोजायला आणि आंघोळीला मदत करायला बाई हवी. आईला वाकवत नाही आणि मी ऐरोलीहून रोज पोचेनच असं नाही. कोलशेत, ढोकाळी, मानपाड्याकडे कुणी नर्सिंग ब्युरोतून बाई ठेवली होती का? दिवसाचे काय घेतात, आणि ड्रेसिंगची माहिती असलेली बाई मिळते का?