हॉलसाठी ऑफ-व्हाइटच्या तीन शेड्स, एक निवडायचीय. सोमवारी पेंटर येतोय

कोथिंबीरवडी: शेड कार्डावर तिन्ही सारख्याच. भिंतीवर मारल्या तर एक पिवळट, एक गुलाबीसर, तिसरी म्हणजे मळका पांढरा. उद्या डबे टिंट करून आणायचेत, नंतर दुकानदार परत घेत नाही. पटकन सांगा. फोटो टाकत नाही, मोबाइलमध्ये फरकच कळत नाही.

अर्धाकप: खिडकी कुठल्या दिशेला? सॅम्पल कशावर मारलंय?

कोथिंबीरवडी: इंदिरानगर, दुसरा मजला. दिशेचा काय संबंध?

अर्धाकप: आहे ना. उत्तरेचा उजेड थंड, निळसर. तिथे पिवळट शेड खपून जाते. पश्चिमेला तीच शेड संध्याकाळी हळदीची दिसते.

गोदाकाठी: उत्तरेला पिवळा नकोच, वास्तूत बसत नाही.

अर्धाकप: इथे उजेडाचं चाललंय हो.

गोदाकाठी: दिशा तुम्हीच काढलीत!

पुट्टीबहाद्दर: शेड राहू द्या, भिंतीला ओल आहे का? पावसाळ्यानंतर आमच्या सिडकोतल्या घरी पुट्टी नीट वाळू दिली नाही, वर्षात पोपडे. आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करा.

कोथिंबीरवडी: ओल नाहीये. शेडचं बोला.

लख्खउजेड: ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी असतील तर काहीही लावा, रात्री दवाखानाच वाटणार. ३००० चे, पिवळसर उजेडाचे बसवा.

पुट्टीबहाद्दर: ३००० मध्ये पेपर वाचून दाखवा. ४००० बरे.

लख्खउजेड: पेपर वाचायला टेबल लॅम्प असतो.

कोथिंबीरवडी: अहो, शेड! खिडकी पश्चिमेला, समोर शेजारच्या बिल्डिंगची विटकरी भिंत. सॅम्पल जुन्या फिक्या निळ्यावरच मारलंय.

अर्धाकप: मग सगळा घोळ तिथेच. निळ्याच्या शेजारी उबदार शेड आहे त्यापेक्षा जास्त पिवळी दिसते. गुलाबी झाकही बरीचशी त्या विटकरी भिंतीवरून येत असणार. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळू द्या. ओलं इमल्शन (भिंतीचा हा रंग) फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. मग पुठ्ठा भिंतीला उभा धरा, खिडकीसमोर आणि कोपऱ्यात. दुपारी चारला एकदा, दिवे लावून एकदा. माझं मत त्या 'मळक्या'ला. पश्चिमेचं ऊनच त्याला ऊब देईल.

गोदाकाठी: आमच्याकडे आयव्हरी आहे, छान दिसतं.

अर्धाकप: कुठल्या कंपनीचं? प्रत्येकाचं आयव्हरी वेगळं असतं. कोथिंबीरवडी, सीलिंग आणि फरशी कसली? सीलिंग पांढरंशुभ्र असेल तर भिंत अजून पिवळी वाटेल.

कोथिंबीरवडी: सीलिंग पांढरंच. फरशी चकचकीत क्रीम, दारं सागवानी पॉलिशची. हेही सांगायला लागतं का?