सोसायटी ग्रुप: हार्मोन घेतलं की हृदयाचं पंपिंग वाढतं?

बी-४०२: सकाळपासून एक मेसेज फिरतोय. थायरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉन घेतलं की हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) बरं होतं म्हणे. डॉक्टर, यात तथ्य किती?

ए-५०३ (हृदयरोगतज्ज्ञ): काका, थायरॉइड खरोखर कमी असेल तर नक्की आहे. टी४ (थायरॉइडचं मुख्य हार्मोन) खाली आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडला की वाढतं) १०च्या वर गेला की हृदय मंदावतं, त्याच्याभोवती पाणीही साचू शकतं. गोळी सुरू केली की यातलं बरंचसं भरून येतं. म्हणूनच हार्ट फेल्युअरच्या नव्या रुग्णाचा टीएसएच आम्ही करतोच.
पण टीएसएच नॉर्मल आणि नुसता टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) कमी, हे बऱ्याचदा आजारपणातली शरीराची काटकसर असते. डिटपा हे थायरॉइडसारखं औषध ८६ रुग्णांवर तपासलं, निकाल २००९ साली आला. हृदय जास्त रक्त फेकू लागलं, पण लक्षणं कमी झाली नाहीत. उलट वजन उतरलं, थकवा आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या.

सी-१०१ (फार्मासिस्ट): हृदयरोग्याला थायरॉक्सिन १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासूनच सुरू करतात, डोस हळूहळू वाढवतात. ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच. एकदम १०० दिली तर धडधड, छातीत दुखणं, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके). गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम आणि लोह ४ तास लांब ठेवा. डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही, त्यात ही चूक फार दिसते!

बी-४०२: आणि टेस्टोस्टेरॉन, ताई?

सी-१०१: जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून तर मुळीच नको. पाणी धरून ठेवतं, रक्त घट्ट करतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेला की थांबवावंच लागतं.

ए-५०३: २०२३च्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांवर पुरुष होते, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले. हार्ट अटॅक, स्ट्रोक वाढले नाहीत, पण एट्रियल फिब्रिलेशन, किडनीला इजा आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या. हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल तर टेस्टोस्टेरॉन देत नाहीत.
मुळात या आजारात आयुष्य वाढवणारी बरीचशी औषधं हार्मोन अडवतात. बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनालिनला, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला. हृदयाचं स्वतःचं हार्मोन बीएनपी, ते शिरेतून देऊन पाहिलं. २०११च्या ७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन मात्र तेच हार्मोन शरीरात मोडू देत नाही, शिवाय अँजिओटेन्सिन या दुसऱ्या हार्मोनला अडवतं. त्यानं २०१४च्या चाचणीत एनालाप्रिल या जुन्या औषधाला मागे टाकलं.

बी-४०२: मग ज्यांची अमिओडॅरोन (ठोक्यांची लय सांभाळणारी गोळी) चालू आहे?

ए-५०३: त्यांनी दर ६ महिन्यांनी टीएसएच करायलाच हवा. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यानं थायरॉइड वरही जातो, खालीही. रिपोर्ट बिघडला तरी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आधी फोन करा.