मुलगा विचारतोय, "आई, मत कुणाला द्यायचं?" (इंदूर)

मिलवाल्याची लेक

नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते. वय 47, घरीच आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पक्षांची नावं मुद्दाम टाळते आहे. नावं आली की चर्चा भलतीकडे जाते, आणि मला खरोखर उत्तर हवं आहे.

मुलाला अठरा पूर्ण झाली. मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 आम्ही दोघांनी मिळून भरला. भरून झाल्यावर तो म्हणाला, "आई, पण मत कुणाला द्यायचं?" मला काही सांगताच येईना. मी त्याच्या वयाची असताना हा प्रश्न मी घरात विचारलाच नव्हता. उत्तर ठरलेलं असायचं.

आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, बाबा मिलच्याच हिशेब खात्यात. अनंत चतुर्दशीच्या रात्री बाबा मला खांद्यावर बसवून मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, दाखवायला न्यायचे. मिल बंद पडल्या तरी त्या झांक्या निघतातच, हे इंदूरबाहेरच्यांना खरं वाटत नाही. आजोबांनी 1962 मध्ये होमी दाजींना मत दिलं होतं. मजुरांचा माणूस, अपक्ष उभा राहिला आणि इंदूरनं त्याला लोकसभेत पाठवलं, ही गोष्ट ते शेवटपर्यंत सांगायचे. मग 1989 मध्ये सुमित्राताई महाजन लोकसभेला उभ्या राहिल्या. समोर प्रकाशचंद्र सेठी, माजी मुख्यमंत्री. मी दहा वर्षांची होते, पण आमच्या आळीतल्या बायका हळदीकुंकवाला निघाव्यात तशा नटून मतदानाला निघाल्या होत्या ते आठवतं. तेव्हापासून ताई सलग आठ वेळा निवडून आल्या आणि आमच्या घराचं मत एका जागी बसलं ते बसलं. 1998 मध्ये मी पहिलं मत दिलं, तेही तिथेच. विचार असा केलाच नव्हता.

2018 च्या विधानसभेला मी पहिल्यांदा ते बदललं. बाबांना सांगितलं नाही. पंधरा महिन्यांत विधायकांनी, म्हणजे आमदारांनी, राजीनामे दिले, सरकार पडलं आणि माझ्या मताचं जे व्हायचं ते झालं. पुढे 2024 ची लोकसभा. 29 एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, समोरच्या मोठ्या पक्षाच्या उमेदवारानंच अर्ज काढून घेतला. 13 मे ला मी मशीनसमोर उभी राहिले आणि नोटा, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण, दाबलं. निकालाच्या दिवशी नोटाचा आकडा आला, 2,18,674. त्यातलं एक माझं होतं. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता. पण त्यानंतर काहीच झालं नाही. कुणी विचारायला आलं नाही की बाई, तुम्हाला नेमकं काय नको होतं?

निगमची, म्हणजे आमच्या महानगरपालिकेची, मुदत 2027 मध्ये संपते, म्हणजे मुलाचं पहिलं मत निगमसाठी असेल. मला दोन्हीकडचं कुणी आपलं वाटत नाही. "कुणालाही दे, सगळे सारखेच" हे वाक्य मी त्याच्याशी बोलणार नाही, ते मी ठरवलंय. पण मग बोलू काय? तुम्ही लोक कसं ठरवता?

शाईवाला मास्तर

ताई, मी सरकारी शाळेतून निवृत्त झालो. शिक्के मारायच्या मतपत्रिकांपासून निवडणुकीची ड्युटी केली आहे, बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे शाई आणि रजिस्टर. तुमच्या नोटाबद्दल आधी बोलतो, कारण ते तुम्हाला सलतंय.

2013 च्या आधीही मत नाकारता यायचं. नियम 49-ओ होता. 17-अ च्या, म्हणजे मतदारांच्या, रजिस्टरवर सही करायची आणि मला मत द्यायचं नाही असं आम्हाला तोंडानं सांगायचं. आम्ही शेरा लिहायचो. पण सगळ्या पोलिंग एजंटांच्या देखत! माझ्या सगळ्या ड्युट्यांत असं सांगणारा एकच मनुष्य भेटला, आणि त्याच्याकडे खोलीतल्या प्रत्येकानं मान वळवून बघितलं होतं. सुप्रीम कोर्टानं 27 सप्टेंबर 2013 ला नोटाचं बटण द्यायला सांगितलं ते मुख्यतः या गुप्ततेसाठी. ते उमेदवाराला पाडण्याचं साधन म्हणून आलेलंच नाही. त्याच वर्षी आपल्या विधानसभेला ते पहिल्यांदा मशीनवर दिसलं.

म्हणून 2024 मध्ये असं झालं: विजयी उमेदवाराला 12,26,751, त्यांच्याखाली बसपाचे उमेदवार 51,659 वर. नोटा त्यांच्या चौपटीहून जास्त, तरी कायद्यानं दुसरा नंबर बसपाचाच. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. याआधी नोटाची सगळ्यात जास्त मतं बिहारच्या गोपालगंजला पडली होती, 2019 मध्ये, 51,660. इंदूरचा आकडा त्याच्या किती पुढे आहे बघा. तुमचं मत वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते मोजलं गेलं, लिहिलं गेलं. पण त्याला हात नाहीत, फक्त तोंड आहे. मुलाला हा फरक नीट समजावून सांगा आणि मग त्यानं नोटा दाबलं तरी हरकत नाही.

पुणेकर भाचा

आमच्याकडे थोडं वेगळं आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. हरियाणानंही त्याच वर्षी तसं केलं. लोकसभा-विधानसभेला मात्र ते लागू नाही. इंदूरच्या मावशीकडे निवडणुकीच्या दिवसांत आलो होतो तेव्हा याच विषयावर जेवण थांबलं होतं, म्हणून लिहिलं.

काळा कोट

इंदूरच्या कोर्टात वकिली करतो. तुमच्या 2018 च्या दुखण्याबद्दल.

पक्षांतराचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, 1985 मध्ये आला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. 2003 च्या दुरुस्तीनं ते काढलं, आता दोन तृतीयांशांचं विलीनीकरण लागतं. पण राजीनामा देऊन पुन्हा दुसऱ्या चिन्हावर निवडून यायचं, ही वाट उघडीच राहिली. मार्च 2020 मध्ये 22 जणांनी राजीनामे दिले, 3 नोव्हेंबरला 28 जागांची पोटनिवडणूक झाली. त्यातले बरेच जण नव्या चिन्हावर निवडूनही आले. हे मतदारांनीच केलं, तेव्हा सगळा दोष एकीकडे टाकता येत नाही. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही, पण ती मतं खरी होती.

आता याच कायद्याची दुसरी बाजू बघा, ती तुमच्या कामाची आहे. सांसद असो की विधायक, सभागृहात पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं तर त्याची जागाच जाऊ शकते. म्हणून लोकसभेला माणूस सोन्यासारखा असला तरी महत्त्वाच्या विधेयकावर मत पक्षाचंच पडतं. तिथे मी पक्ष बघतो, मग उमेदवार आवडो न आवडो. दहावी अनुसूची संसद आणि विधानसभांसाठी आहे. वार्डात पार्षदाचं (नगरसेवकाचं) काम म्हणजे नाला, दिवा, टाकी, नर्मदेची लाईन. तिथे मी चिन्हाकडे बघतच नाही. 2022 मध्ये 6 जुलैला आपण निगमसाठी दोन मतं दिली होती, एक महापौराला, एक पार्षदाला. माझी दोन्ही मतं वेगवेगळ्या पक्षांना गेली आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. तुमच्या घरात "घराचं मत" एकच असायचं, म्हणून हे तुम्हाला जड जातंय असं मला वाटतं.

आजोबांनी दाजींना दिलं, बाबांनी ताईंना. दोन टोकं आहेत ती. घराचं मत तर आधीच एकदा बदललेलं आहे की!

बूथवरचा

मी एका पक्षाचा कार्यकर्ता आहे, बूथवर बसतो, याद्या करतो. राग येऊ देऊ नका, पण मतदानाच्या दिवशी तुमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. खरं ठरतं ते तिकिटाच्या वेळी. आमच्या वार्डात मागच्या वेळी तिकीट मागणारे सात होते. त्यातला एक सगळ्या कॉलनीला माहीत असलेला, कोरोनात लोकांच्या घरी डबे पोचवणारा मुलगा होता. त्याच्यासाठी वरच्यांकडे बोलायला कॉलनीतून किती लोक आले? चार. दुसऱ्याबरोबर दोनशे माणसं, गाड्या, ढोल. तिकीट दुसऱ्याला मिळालं. त्या मुलाला आता विचारलं तर म्हणतो, पुन्हा नाही मागणार.

काकू, तुमच्या शिकवणीला पंचवीस-तीस घरांतली मुलं येत असतील. ती घरं तिकिटाच्या आधी एकदा एखाद्याच्या मागे उभी राहिली तर पक्षाला ऐकावंच लागतं. पक्षात या असं म्हणत नाही. नाव सुचवायला सदस्य असावं लागत नाही.

चिमणबागेतली

हुकुमचंद मिलचं उदाहरण द्यावंसं वाटलं, कारण तुम्ही मिलवाल्यांच्या घरातल्या. ती मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांचे 224 कोटी मिळाले डिसेंबर 2023 मध्ये. बत्तीस वर्षं! एवढ्यात भोपाळला दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. प्रत्येक निवडणुकीत भाषणात मिल असायची. शेवटी धरून ठेवलं ते कामगारांनी, कोर्टातल्या तारखांवर आणि दर आठवड्याच्या बैठकांत. कितीतरी जण पैसे बघायला राहिले नाहीत, त्यांच्या बायकांनी घेतले.

मत देऊन आपण घरी येतो आणि पाच वर्षं वाट बघतो. मला वाटतं आपला भ्रमनिरास तिथून सुरू होतो. मी मतदान सोडलेलं नाही, पण आता त्याच्याकडून तेवढंच मागते जेवढं ते देऊ शकतं.

मिलवाल्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, मुलांच्या सहामाहीचे पेपर होते.

शाईवाले सर, तुमचं "हात नाहीत, तोंड आहे" मी मुलाला वाचून दाखवलं. त्यानं लगेच विचारलं, मग तू जे बोललीस ते ऐकलं कुणी? मला वाईट वाटलं, पण प्रश्न बरोबर आहे.

वकीलसाहेब, घराच्या मताबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. बाबा आता नाहीत. 2018 मध्ये मी त्यांच्यापासून लपवलं, त्याचं ओझं अजून आहे. त्यांच्या बाबांनी दाजींना दिलेलं मत आणि त्यांनी ताईंना दिलेलं मत यावर त्या दोघांत कधी भांडण झालं होतं का, हे मी आईला विचारलं. आई म्हणाली, "झालं होतं ना. चार दिवस एका पंगतीला बसले नव्हते." हे मला आजवर माहीतच नव्हतं! आमच्या घरात मत ठरलेलं असतं असं मी समजत होते, आणि ते ठरवताना एवढं झालं होतं.

मग आम्ही दोघांनी एक केलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर मुलानं आयोगाच्या साइटवरून 2024 च्या उमेदवारांची शपथपत्रं काढली. फॉर्म 26. मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण, सगळं त्यांच्याच सहीनं लिहिलेलं. मी गणिताची बाई, आकडे बघून माझे डोळे चमकतात, पण इतकी वर्षं हे कागद बघायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मुलगा एकेक वाचत होता आणि विचारत होता, या माणसाचा धंदा काय लिहिलाय, घरात कमावणारं कोण. एका अपक्षाच्या कागदावर मालमत्तेच्या रकान्यात अगदी थोडी रक्कम होती. मुलगा म्हणाला, हा कशाला उभा राहिला असेल? आम्हाला दोघांनाही कळलं नाही, पण त्याच्याबद्दल आम्ही पाऊण तास बोललो. घरात राजकारणावर इतकं शांतपणे आम्ही याआधी बोललो नव्हतो.

महापौराचं काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. लोकसभेला पुन्हा नोटा दाबेन की नाही तेही सांगता येत नाही. पार्षदाचं मात्र बूथवरच्या भाऊंनी सुचवलं तिथून सुरू केलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावरची फरशी तुटली आहे. शिकवणीची मुलं संध्याकाळी अंधारात सायकली तिथूनच काढतात. त्याबद्दल आणि बंद पडलेल्या दिव्याबद्दल मी एक चिठ्ठी लिहिली, खाली एकोणीस पालकांच्या सह्या घेतल्या. तिच्या तीन प्रती केल्या. एक आत्ताच्या पार्षदांना, एक मागच्या वेळी हरलेल्यांना, एक ज्यांचं नाव पुढच्या वेळेसाठी कॉलनीत घेतलं जातंय त्यांना. मुलगाच देऊन आला, तिघांच्याही घरी. प्रत्येक प्रतीवर दिल्याची तारीख घालून घेतली आहे.

आज सकाळी तिघांपैकी एक जण स्वतः येऊन फरशी बघून गेले. कोण ते लिहीत नाही. बाकी दोघांची वाट बघतोय.