कॉपर ड्रॅगनबॉर्न, शॅडो थीव्ह्ज आणि माझी कंटाळलेली पार्टी

खवल्या

डीएम (खेळ चालवणारी) मंडळी, जरा डोकं लावा. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, खेळातलं शहर वॉटरडीप, चार खेळाडूंची पार्टी, लेव्हल ४. शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर बसतो, कारण एक जण डब्लिनला आणि बाकीचे पुण्याच्या तीन टोकांना.

एकाने कॉपर ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या वंशातला, खवल्यांचा माणूस) ‘रोग’, म्हणजे चोराचं पात्र (Rogue), घेतलाय. बॅकस्टोरी दीड ओळीची: ‘शॅडो थीव्ह्जच्या टोळीत होतो. पटलं नाही, पळालो.’ पुढचं विचारलं की म्हणतो, ‘डीएम तू आहेस, तू बघ.’ मग मी त्याच्या मागावर मारेकरी सोडले. पार्टीने त्यांना लोळवलं, खिसे चाचपले, पुढे निघाले. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. उरलेल्या तिघांना त्यात काडीचा रस नाही. फायटर पूर्वी सिटी वॉचमध्ये, म्हणजे शहराच्या पोलिसांत होता, विझार्ड वॉचफुल ऑर्डर या जादूगारांच्या संघाची सभासद आहे, क्लेरिक (पुजारी) टायमोरा देवीची. रोगचा सीन सुरू झाला की कुणीतरी ‘आलोच’ म्हणून चहा टाकायला जातं ते सीन संपल्यावरच उगवतं.

वर रोगवाल्याची भुणभुण, ‘खरा ड्रॅगन कधी?’ लेव्हल ४ वर प्रौढ ड्रॅगन आणला तर पार्टीची राखरांगोळी. टोळी आणि ड्रॅगन एकाच सूत्रात ओवता येतील का?

वीसबाजू

आधी मारेकरी बंद करा. मारेकऱ्याला मारण्यापलीकडे त्याच्याशी काही करता येत नाही. टोळीला तुमच्या रोगकडून काहीतरी हवं असू दे, आणि तो जिवंत असला तरच मिळेल असं.

ते काय, हे वॉटरडीपने आयतं ताटात वाढून ठेवलंय. या शहराभोवती अहघायरॉन नावाच्या जादूगाराने घातलेलं ड्रॅगनवॉर्ड, म्हणजे जादूचं कुंपण आहे, त्यामुळे ड्रॅगनला शहरात सुखासुखी येता येत नाही. अहघायरॉनच्याच ड्रॅगनस्टाफने (जादूच्या दंडाने) मुभा दिली तर गोष्ट वेगळी. आणि शॅडो थीव्ह्ज म्हणजे याच शहरातून हाकलले गेलेले, पुढे आमन देशात बस्तान बसवलेले लोक. म्हणजे दोघंही वेशीबाहेर, दोघांनाही आत यायचंय. तुमचा ड्रॅगनबॉर्न मात्र नियमांनुसार ह्युमनॉइड, म्हणजे माणसांत जमा, ड्रॅगनांत नाही. वॉर्डला त्याच्याशी देणंघेणं नाही, तो दरवाज्यातून टोल भरून आत शिरतो. असा आतला माणूस टोळी मारून टाकेल होय?

तेव्हा ड्रॅगनने टोळीला स्टाफची सुपारी दिली, असं धरून चला. ड्रॅगन ब्लॅक घ्या. दलदलीत राहतो, भरभराटीला आलेली शहरं त्याच्या डोळ्यांत खुपतात. लेव्हल ४ वर तो दिसायचं कारण नाही. त्याचा पैसा दिसू दे, चिखलाचा वास मारणारी जुनी नाणी, कुठल्यातरी बुडालेल्या राज्याची. रोगवाला ‘ड्रॅगन कधी’ म्हणाला की त्याच्या हातावर तसलं एक नाणं ठेवा.

ब्लॅकच का, तर नियमांच्या पुस्तकात ड्रॅगनबॉर्नचा तक्ता काढून बघा. कॉपर आणि ब्लॅक, दोघांचंही ब्रेथ वेपन (तोंडातून फुंकायचं हत्यार) ॲसिड, दोघांचंही पाच फूट रुंद, तीस फूट लांब सरळ रेषेत. फरक शून्य! आता हा सीन बघा.

डॉक वॉर्डातलं एक गोदाम रात्रीत फोडलंय. उंबऱ्यापासून जळका पट्टा सुरू होतो. फरशीवरून, दोन पिंपांच्या पोटातून, गाठोड्यांच्या चळतीवरून सरळ जातो आणि एका जागी थांबतो. वॉचचा शिपाई दोरीने मोजतोय. बरोबर तीस फूट. तुमच्या फायटरचा जुना साहेब कोपऱ्यात उभा आहे आणि पार्टीतल्या खवलेवाल्याकडे बघतोय. विझार्डला ऑर्डरने डाग तपासायला धाडलंय. त्या रात्री धक्क्यावर काय दिसलं ते खलाशी वॉचला मरेस्तोवर सांगणार नाहीत, पण टायमोराच्या क्लेरिकपाशी बोलतील, समुद्रावर जाणाऱ्याला नशिबाच्या देवीशी वाकडं घेऊन चालत नाही. आता चहाला कोण उठतंय बघू.

दाराच्या चौकटीवर थीव्ह्ज कँट या चोरांच्या गुप्त भाषेतली खूण कोरलेली आहे आणि ती एकट्या रोगला कळते. कँटमध्ये निरोप द्यायला साध्या बोलण्याच्या चौपट वेळ लागतो असं नियमच सांगतो. मी वाचायलाही तितकाच लावते. साहेब मागून विचारतोय, ‘काय रे, चौकटीत काय एवढं बघतोस?’ आणि याचं वाचून अजून अर्धंच झालंय. खूण काय सांगते ते तुम्ही ठरवा. माझ्या टेबलावर असती तर ‘हे काम तुझ्या नावावर लिहिलंय, येऊन भेट’ एवढंच.

आणखी एक पाचर. पट्टा एक नको, दोन ठेवा. ब्रेथ वेपन एकदा वापरलं की शॉर्ट रेस्टशिवाय पुन्हा मिळत नाही, आणि शॉर्ट रेस्ट म्हणजे किमान एक तास. पहारेकरी सांगतो, फेरी मारून पाव तासात परत आलो तेवढ्यात सगळं उरकलं होतं. म्हणजे फुंकणारे दोघं होते. हे तुम्ही तोंडाने सांगू नका. नियमात मुरलेला एखादा खेळाडू ओरडेलच.

अर्धवटराव

वीसबाजूताईंचं गोदाम मी ढापतोय, आधीच सांगून ठेवतो.

भर एवढीच. ड्रॅगनबॉर्नमध्ये कुळाचं नाव आधी लावतात, स्वतःचं नंतर. कुळ जिवापेक्षा मोठं. तुमचा रोग पार्टीत कुठलं नाव सांगतो? नुसतं स्वतःचं सांगत असेल तर कुळाचं का गाळलं, हे त्याला विचारा. ‘तू बघ’ म्हणणाऱ्या खेळाडूलाही एवढ्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. माझ्या अनुभवात ‘तुझी बॅकस्टोरी सांग’ म्हटलं की लोक गप्प होतात, ‘तुझ्या बापाचा धंदा काय होता’ म्हटलं की अर्धा तास बोलतात.

तो दुसरा फुंकणारा त्याच्याबरोबर अंड्यातून निघालेला भाऊ किंवा बहीण असेल तर? कुळाने रोगला टाकलं, आणि आता तेच भावंड त्याला शोधत टोळीत शिरलंय.

दुसरं, टोळी म्हणजे काळे झगे आणि तळघरात मेणबत्त्या, हे चित्र पुसून टाका. टोळी हप्त्यावर चालते. एक गरीब चेहऱ्याचा कारकून दर दहा दिवसांनी पार्टीच्या खाणावळीत येतो, सूप मागवतो, जाताना म्हणतो, ‘मागची बाकी राहिलीय हो तुमची.’ माझे खेळाडू असल्या माणसाला जेवढे टरकतात तेवढे खंजीरवाल्याला नाही.

खवल्या

कारकून घेतला! भावंडाचं त्याला विचारतो. आताच मेसेज टाकला कुळाच्या नावाबद्दल, तर भल्यामोठ्या तीन व्हॉइस नोट आल्या. हा माणूस इतके दिवस कुठे होता?

पण धास्ती अशी की तो म्हणेल, ‘चला, टोळीत परत जाऊ.’ मग फायटर आणि तो एका पार्टीत कसे राहणार?

निशाचर

ती धास्ती रास्त आहे, पण त्यावर प्लॉटने इलाज होत नाही. सेशनच्या आधी चौघांना विचारा: एकाने बाकीच्यांना दगा दिला तर चालेल का? बहुतेक टेबलांवर उत्तर ‘नाही’ येतं. मग रोगला मोकळेपणी सांगा, टोळीशी काय वाटेल ते सौदे कर, पार्टीला विकायचं नाही.

टोळीची हालचाल मोजायला ब्लेड्स इन द डार्क या खेळातली घड्याळं उसनी घ्या. कागदावर वर्तुळ काढायचं, चार, सहा किंवा आठ फाका पाडायच्या. ‘टोळीला स्टाफचा पत्ता लागतो’ हे आठचं, ‘वॉच रोगला उचलते’ हे चारचं. पार्टी दुसरीकडे रमली की एक फाक काळी करायची. आणि खेळाडूंसमोर करा, लपवून नको. घड्याळ भरत आलंय म्हटल्यावर पार्टी आपणहून तिकडे वळते.

वीसबाजू यांच्याशी एका बाबतीत मतभेद. पहिल्याच खेपेला गोदाम, साहेब, ऑर्डर, खलाशी, कँट आणि दोन पट्टे हे फार होतं. खलाशी पुढच्या शनिवारवर ढकला.

आणि २०१८ च्या अधिकृत मोहिमेत स्टाफ कुठे असतो ते तुमच्या खेळाडूंनी वाचलेलं असेल, तर जागा बदला. कुठे असतो ते इथे लिहीत नाही, उगाच कुणाची मजा जायची.

वीसबाजू

खलाशांवर तडजोड करणार नाही, क्लेरिक उपाशी राहील. हवं तर ऑर्डर पुढे ढकला, विझार्डला तसंही सगळीकडे काम मिळतं.

खवल्या

शेवटचं एक. रोगवाला ब्रेथने कुलूप फोडायला बघणारच. नियमाने तुटतं का?

वीसबाजू

ब्रेथचा नियम जिवांबद्दलच बोलतो, वस्तूला लावायचा का ते डीएम ठरवतो. लावलात तर आरामात. वस्तूंचे नियम डीएमच्या पुस्तकात आहेत. कुलपाएवढी छोटी पण दणकट वस्तू म्हणजे सरासरी ५ हिट पॉइंट (एवढा मार सोसते). लेव्हल ४ ला ब्रेथ २ डी ६, म्हणजे दोन सहाबाजू फासे, सरासरी ७. लोखंडाचा आर्मर क्लास १९ असला तरी तो अटॅक रोलला, म्हणजे वार लागला का ते ठरवणाऱ्या फाशाला लागतो, ब्रेथला तो रोल नसतोच. मात्र रेषा तीस फूट जाते, त्यामुळे कुलपामागे जे काही असेल त्यालाही भोगावं लागेल. तिजोरीतली कागदपत्रं चोरायला गेला आणि तिजोरीवर फुंकला तर कागदाचं काय झालं ते तुम्ही शांतपणे सांगा. आवाज किती होतो हे मात्र आधी ठरवून ठेवा. नियमात ते कुठे दिलेलं नाही, आणि तुमचा रोग पहिलं तेच विचारेल.