शब्दचर्चा : ‘बॉस फाइट’ म्हणजे झुंज, लढत की आणखी काही?

शुक्रवारकरीण :
एका दिवाळी अंकासाठी मी जुन्या व्हिडिओ गेमांवर लेख लिहीत आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ जगे आहेत, प्रत्येक जगात चार टप्पे आहेत आणि चौथा टप्पा नेहमी किल्ल्यातला असतो. त्याविषयी मी लिहिले होते, ‘किल्ल्याच्या शेवटी, लाव्हारसावरच्या पुलावर, मारिओची बाऊझरशी झुंज होते.’ संपादकांनी ‘झुंज’ खोडून ‘प्रमुख शत्रूशी लढाई’ असे केले आणि समासात लिहिले की झुंज कोंबड्यांची असते.

दुसरी अडचण घरातली आहे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात १९९४-९५च्या सुमारास एकाच बिऱ्हाडात टीव्हीला जोडायचा गेम होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी सगळी मुले त्याच खोलीत जमत. त्या वेळी आम्ही बाऊझरला ‘म्होरक्या’ म्हणत असू. ‘म्होरक्या आला, आता कोणी बोलू नका’ हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. धाकटा भाऊ मात्र शपथेवर सांगतो की असे कोणीच म्हणत नव्हते, सगळे ‘ड्रॅगन’च म्हणत. आपल्यापैकी कोणी तेव्हा ‘म्होरक्या’ ऐकला होता का? आणि ‘बॉस’, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, व त्याच्याशी होणारी ‘बॉस फाइट’ यांना लेखात कोणते शब्द योजावेत?

अनुस्वार :
‘बॉस’ तसाच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द डच भाषेतल्या ‘बास’वरून, म्हणजे मालक या अर्थाच्या शब्दावरून, अमेरिकेतल्या इंग्रजीत आला आणि आपल्याकडे तो कचेरीतला साहेब या अर्थाने रुळला. मराठी वाचकाने ‘बॉसशी लढाई’ वाचले, तर त्याला रजेचा अर्ज आठवेल, लाव्हारस नव्हे. ‘म्होरक्या’ही मला पटत नाही. म्होरे म्हणजे पुढे, आणि जो सर्वांच्या पुढे चालतो तो म्होरक्या. आपला बाऊझर तर सगळी फौज पुढे धाडून स्वतः अगदी शेवटच्या पुलावर थांबलेला असतो. वाक्यातच किल्ला आहे, तेव्हा ‘किल्लेदार’ हा शब्द तयारच आहे. नवा शब्द सुरुवातीला अवघड वाटतो, एवढ्यावरून तो टाकून देऊ नये. सावरकरांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कोणाला परके वाटतात?

खेळगडी :
अनुस्वार यांच्याविषयी आदर राखून सांगतो की ‘किल्ला’ अरबीतून आला आणि ‘दार’ हा प्रत्यय फारसी आहे. डच शब्द नको म्हणून अरबी-फारसी जोडशब्द घ्यायचा, तर त्याला शुद्धतेचा आग्रह म्हणता येणार नाही. त्याला जुन्या पाहुण्याचा मान म्हणावे लागेल. मला स्वतःला त्यात वावगे काही वाटत नाही, पण मग ‘बॉस’लाही तोच मान मिळायला हवा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ज्याने ‘कॉन्ट्रा’ खेळला असेल, त्याने पहिल्या टप्प्याचा शेवट आठवून पाहावा. जंगल संपते आणि समोर एक भिंत उभी राहते. तिच्यावर दोन तोफा असतात, खाली एक लाल चकाकणारा भाग असतो आणि तो फुटला की टप्पा पार होतो. ती माणूस नाही, राक्षस नाही, ड्रॅगन तर नाहीच, आणि तरीही ती भिंत त्या टप्प्याचा बॉस आहे. भिंतीला किल्लेदार म्हणणार की म्होरक्या म्हणणार? ‘बॉस’ हा शब्द त्या खेळांत हुद्दा सांगत नाही. टप्प्याच्या शेवटी वाट अडवणारा जो कोणी किंवा जे काही असेल, ते तो सांगतो. मराठीत या अर्थाला जवळचे काही असेल, तर ते ‘नाका’ आहे. नाक्यावर कोण उभा आहे याला महत्त्व नसते, तो ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही याला असते.

आणखी एक गोष्ट शुक्रवारकरीण ताईंच्या लेखात यायलाच हवी. पहिल्या सात किल्ल्यांतला बाऊझर खरा नसतो. पुलाच्या पलीकडच्या टोकाची कुऱ्हाड गाठली की पूल कोसळतो आणि तो खाली पडतो, म्हणून बहुतेकांना हे कधी कळत नाही. पण मारिओपाशी आगीचे गोळे असतील आणि पाच गोळे नेमके लागले, तर मरताना त्याचे सोंग उतरते आणि आत भलताच कोणी तरी निघतो. पहिल्या जगात तर तो सर्वांत क्षुद्र शत्रू, म्हणजे चालता गूंबा असतो. यासाठी आपल्याकडे ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया ज्या पुण्याने पाहिला, त्या पुण्यातल्या अंकात हा शब्द वापरायला संकोच कशाला?

अनुस्वार :
‘किल्लेदार’विषयीची चूक मान्य करतो, त्याऐवजी ‘दुर्गपाल’ सुचवतो. मात्र रुळलेल्या जुन्या शब्दाला आणि कालच्या आयातीला एकच माप लावणे मला मान्य नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हाही फारसी शब्द लोकांच्या तोंडी रुळलेलेच होते. म्हणजे रुळलेल्या शब्दालाही पर्याय शोधण्याची परंपरा आपलीच आहे. ‘तोतया’ उत्तम आहे. ‘नाका’ मात्र ऐकताच जकात आठवते.

तालीमवाला :
कोणाशी लढायचे यावर इतके बोलणे झाले, पण कसे लढायचे यावर कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. लहानपणी मी सकाळी तालमीत आणि दुपारी मित्राकडे ‘मेगा मॅन’पुढे असे, आणि या दोन ठिकाणी वेगळी भाषा लागते असे मला कधी वाटले नाही. १९८७च्या त्या पहिल्या खेळात सहा यंत्रमानव आहेत. ज्याला हरवाल त्याचे हत्यार तुम्हाला मिळते आणि ते हत्यार दुसऱ्या एकाला जबर लागते. बॉम्ब मॅनचा बॉम्ब गट्स मॅनला भारी पडतो, गट्स मॅनची दगड उचलून फेकण्याची ताकद कट मॅनला, कट मॅनची कात्री इलेक मॅनला, इलेक मॅनची वीज आइस मॅनला, आइस मॅनचे बर्फ फायर मॅनला आणि फायर मॅनची आग पुन्हा बॉम्ब मॅनला. असे हे कडे पूर्ण होते. त्यामुळे अर्धा खेळ कोणाला आधी गाठायचे हे ठरवण्यातच असतो.

यालाच कुस्तीत ‘तोड’ म्हणतात. प्रत्येक डावाला तोड असते आणि वस्ताद आधी तोड शिकवतात, मग डाव. इंग्रजीतल्या ‘स्ट्रॅटेजी’साठी लोक ‘व्यूहरचना’ लिहितात. ती सैन्याची असते, एकट्या गड्याची नसते. एकट्याचे ते ‘डावपेच’. आणि बॉस ज्या ठरावीक क्रमाने उडी मारतो, गोळी सोडतो, पुन्हा उडी मारतो, त्याला आम्ही ‘खोड’ म्हणत असू. ‘त्याची खोड ओळख, मग तो तुझाच आहे.’ ‘सोनिक’ या खेळातल्या पहिल्या बॉसचा साखळीला लटकवलेला गोळा कितीही मोठा दिसला, तरी त्याची खोड एकच आहे, डावीकडून उजवीकडे आणि परत. ती कळली की आठ टोले मारणे हे केवळ संयमाचे काम उरते.

म्हणून संपादकांचे अर्धे म्हणणे मला पटते. ‘झुंज’मध्ये दोन्ही बाजू बेभान असतात. ‘लढाई’ फौजांची असते. दोन गडी एकमेकांचे डाव ओळखून भिडतात, तिला ‘लढत’ म्हणतात. बाऊझरशी मारिओची लढत होते.

पर्वतीपायथा :
तालीमवाले दादांची ‘खोड’ मी उचलणार आहे. त्यासाठी इतका नेमका शब्द मी यापूर्वी ऐकला नव्हता. मात्र ‘लढत’ सर्वत्र चालेल असे नाही. मी संगणकाच्या क्लासला जात असे, तेव्हा आमच्या सरांच्या परवानगीने शनिवारी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळता येई. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचे आणि शेवटी जाफर नावाच्या वजिराशी तलवारीने लढायचे. पण वजिराच्या आधी राजपुत्राची स्वतःची सावली वाट अडवते. तिला वार केला की आपलेच रक्त कमी होते. आम्ही किती तरी शनिवार त्या सावलीशी लढून मेलो. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने तलवार म्यान केली आणि ती सरळ पुढे चालत गेली. सावली राजपुत्रात मिसळली आणि वाट मोकळी झाली. ‘तलवार म्यान करणे’ हा वाक्प्रचार मी पुस्तकातून शिकले होते, पण त्याचा अर्थ मला त्या पडद्यावर कळला.

आता या प्रसंगाला झुंज म्हणावे की लढत? तिथे जिंकण्याचा मार्गच न लढण्याचा आहे. म्हणून मी ‘सामना’ म्हणेन, कारण सामना म्हणजे मुळात समोर येणे. लढणे त्यात असेल किंवा नसेल. कॉन्ट्राच्या भिंतीचाही सामना करता येतो, भिंतीशी कुस्ती करता येत नाही.

खेळगडी :
‘सामना’ ऐकताच वाचक धावफलक शोधू लागेल, ही भीती मला वाटते. शिवाय खेळाविषयीच्या लेखात ‘खेळातला सामना’ म्हणजे त्या खेळाची स्पर्धा असाच अर्थ होईल. ‘बाऊझरशी गाठ पडते’ असे साधे क्रियापद का घेऊ नये? मराठी वाक्य क्रियापदावर चांगले तरते. प्रत्येक इंग्रजी नामाला मराठी नाम शोधण्याच्या सवयीमुळेच आपली भाषांतरे जड होतात.

शुक्रवारकरीण :
‘गाठ पडते’ फार आवडले. पण माझ्या लेखात एक उपशीर्षकही आहे आणि तिथे नाम लागतेच. तिथेच दुसरा प्रश्न उभा राहिला आहे. मारिओसारख्या उड्या मारत पुढे जाण्याच्या ज्या खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात, त्या साऱ्या प्रकाराला मी मराठीत ‘फलाटांचे खेळ’ म्हटले होते. आई म्हणाली, ‘फलाट म्हटले की मला पुणे स्टेशन दिसते.’

अनुस्वार :
आईंचे म्हणणे बरोबर आहे. ‘फलाट’ हा ‘प्लॅटफॉर्म’चाच अपभ्रंश आहे, तोंडात घोळून तो आपला झाला, हे त्याचे सौंदर्य आहे, पण तो रेल्वेपुरता आपला झाला. हवेत तरंगणाऱ्या विटांच्या ओळीला ‘ओटा’ किंवा ‘पायरी’ म्हणावे.

तालीमवाला :
फलाट हा अपभ्रंश असल्याचे मला मान्य नाही. फळी, फळा, फलाट ही एकाच घरातली भावंडे वाटतात.

अनुस्वार :
वाटणे हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. आगगाडीच्या आधीच्या मराठीत ‘फलाट’ कोणी दाखवून द्यावा, मी माझे म्हणणे मागे घेईन.

पर्वतीपायथा :
१९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ लोखंडी तुळयांवरून वर वर चढत जातो, आणि त्या काळी अशा खेळांना इंग्रजीतही ‘चढण्याचे खेळ’ म्हणत असत. ‘प्लॅटफॉर्म’ हे नाव नंतर पक्के झाले. मग आपण ‘चढाईचे खेळ’ म्हणायला काय हरकत आहे? कबड्डीमुळे ‘चढाई’त एकट्याने शत्रूच्या अंगणात शिरून परत येण्याचा अर्थही आहे.

खेळगडी :
मारिओ परत येत नाही, उजवीकडेच जातो. पडदा डावीकडे सरकतच नाही. म्हणून मी ‘उड्यांचे खेळ’ म्हणेन. आमच्या सोसायटीत सगळी मुले ‘उड्यांचा गेम’ आणि ‘गोळ्यांचा गेम’ असेच दोन प्रकार मानत.

कबड्डीचा विषय निघालाच आहे, तर ‘लाइफ’चेही ठरवू या. कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए असे दाबले की तीनऐवजी तीस मिळतात, ते तीस काय? आम्ही ‘तीस लाइफ’ म्हणत असू. कबड्डीत गडी बाद होतो आणि पुन्हा जिवंत होतो, तेव्हा ‘तीस जीव’ म्हणायला हरकत नसावी.

शुक्रवारकरीण :
आमच्याकडे ‘जीव’च म्हणत, यावर भाऊ आणि मी दोघेही सहमत आहोत. आणि मारिओला चमकता तारा मिळाला की काही क्षण त्याला कोणीच मारू शकत नसे, तेव्हा आम्ही ओरडत असू, ‘तो कच्चं लिंबू आहे!’

तालीमवाला :
हे आमच्याकडेही होते. लगोरीत, लपंडावात लहान भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे, म्हणजे ते बाद झाले तरी धरायचे नाही.

पर्वतीपायथा :
तुलना पूर्ण जुळत नाही. कच्चं लिंबू स्वतः बाद होत नाही, पण दुसऱ्यालाही बाद करू शकत नाही. ताऱ्यातला मारिओ मात्र ज्याला स्पर्श करेल त्याला संपवतो.

शुक्रवारकरीण :
आमच्या वाड्यात कच्चं लिंबू दुसऱ्याला बाद करू शकत असे. त्यावरूनच तर भांडणे होत.

अनुस्वार :
हे नियम पेठेगणिक बदलत असावेत. सदाशिव पेठेत आमच्या लहानपणी कच्च्या लिंबावर कधीच राज्य येत नसे, आणि त्यानेही कोणाला बाद करायचे नाही, हे ठरलेले होते. मला मात्र आता वेगळाच प्रश्न पडला आहे. क्रिकेटच्या बातम्यांत दुबळ्या संघाला ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. तो शब्द या कच्च्या लिंबावरून आला असेल, की आधी लिंबूटिंबू होते आणि त्यातूनच मुलांनी कच्चं लिंबू उचलले? कोणाच्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘कच्चं लिंबू’ होते का?

खेळगडी :
माझ्या आजीच्या तोंडी होते, पण ती ‘कच्चा लिंबू’ म्हणत असे, पुल्लिंगी.