वादळ ओसरल्यावर: घरं उपसायला गेलेल्यांचे अनुभव

हार्वी, मारिया, हेलीन... अमेरिकेत हरिकेन आलं की चार दिवस बातम्या येतात, मग सामसूम. पण पाणी ओसरल्यावर फावडं आणि पहार घेऊन परक्यांच्या दारात उभे राहिलेले आपल्यात बरेच जण आहेत. हाताने काय केलंत, काय चुकलं, ते मनमोकळं लिहा. सुरुवात मी करते.

ह्यूस्टन, २०१७
हार्वी २५ ऑगस्टला टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथेच रेंगाळलं. काही भागांत ५० इंचांवर पाऊस झाला. आम्ही सहा जण एका आजींच्या घरात शिरलो तेव्हा पाणी उतरून दोन दिवस झाले होते, कुबट वासाने डोकं उठत होतं. तिथल्या भिंती कागदात दाबलेल्या जिप्समच्या. वात तेल ओढते तशा त्या पाणी वर ओढतात. पाणी गुडघाभर आलं असलं तरी भिंत बऱ्याचदा चार फुटांपर्यंत कापतात, कारण जिप्समचा नवा तक्ता चार फूट रुंद असतो, आडवा लावला की अख्खा बसतो. आतला भिजलेला कापसासारखा थरही काढावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते.

मी झपाट्याने काम करत होते. एक फुगलेली वही उचलली आणि रस्त्याकडेच्या ढिगावर टाकली. थोड्या वेळाने पाहते तर आजी त्या ढिगात वाकून काहीतरी शोधत होत्या. ती फोन नंबरांची डायरी होती. आजोबांचं अक्षर तेवढं त्यातच उरलं होतं. आम्ही सगळ्यांनी ढीग उपसला. डायरी सापडली, मी ती मेणकागदात गुंडाळून माझ्या घरी फ्रीझरमध्ये ठेवली. गोठवलं की बुरशी थांबते, मग सवडीने वाळवता येतं. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी चिंधीसुद्धा टाकत नाही.

ह्यूस्टन, तेच वर्ष
मी पलीकडच्या बाजूची, माझंच घर बुडालं होतं. आलेल्या मुलांनी मला बाहेर खुर्ची दिली आणि म्हणाली, "काकू, आम्ही एकेक वस्तू आणतो, तुम्ही फक्त ठेवायची की टाकायची ते सांगा." टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटोही काढायला लावला, विम्याला आणि सरकारी मदतीला लागतात म्हणून. दोन दिवस मी नुसती रडत होते. त्या खुर्चीवर मला काम मिळालं.

पोर्तो रिको, २०१८
मारियानंतर छपरांवर निळ्या ताडपत्र्याच ताडपत्र्या. मला वाटलं होतं हातोडी लागेल, लागलं पेन. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांकडे घराचा कागदच नव्हता, आणि त्यावाचून मदतीचे अर्ज फेटाळले जात होते. स्वयंसेवक वकिलांच्या हाताखाली बसून मी लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहिली. थोडं स्पॅनिश येत होतं, तेवढं पुरलं.

अ‍ॅशव्हिल, २०२४
हेलीनने नॉर्थ कॅरोलिनातलं हे डोंगरातलं शहर झोडपलं, जलवाहिन्याच वाहून गेल्या. नळाला पिण्याजोगं पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला. कपड्यांच्या गोण्या येऊन पडत होत्या, त्या निवडायलाच माणसं लागायची. खरी नड होती संडासात ओतायच्या पाण्याची. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे आम्ही ओढ्याचं पाणी बादल्यांनी चढवत होतो. कृपा करून आधी काय हवंय ते विचारा, मग पाठवा.

(मध्येच एक: ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवायचा नाही.)

लुइझियाना, २०२१
आयडा २९ ऑगस्टला आलं. आम्ही ऑक्टोबरात भिंती बसवायला गेलो. लाकडी खांबांना ओलावा मोजायचं यंत्र लावलं तर १९ टक्के. तो १५च्या आसपास येईपर्यंत तक्ता लावायचा नाही, नाहीतर आत पुन्हा बुरशी. घरमालक काका महिनाभर बहिणीच्या हॉलमध्ये झोपत होते. त्यांच्या तोंडावर "अजून थांबा" म्हणताना जीव तुटला. पंखे लावून परतलो. दोन आठवड्यांनी यंत्र १४ दाखवत होतं. काकांनी स्वतः तीनदा मोजून खात्री केली, मग ड्रिल मागून घेतलं आणि पहिला स्क्रू त्यांनीच बसवला.