राजकारण्यांवरील विश्वासाची मराठी मापनी : आल्फा उत्तम, पण घटक जुळत नाहीत

प्रश्न

नमस्कार. मी मानसशास्त्रात पीएच.डी. करीत असून राजकारण्यांवरील विश्वास मोजणारी मराठी मापनी तयार करीत आहे. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांच्या १९९५ च्या विश्वासविषयक प्रारूपातील क्षमता, सदिच्छा आणि सचोटी हे तीन घटक धरून ३२ विधाने लिहिली, तज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर २४ ठेवली आणि ती २१० जणांकडून भरून घेतली. क्रॉनबाखचा आल्फा (विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) ०.९२ आला, परंतु घटक विश्लेषणात (कोणती विधाने एकत्र जातात हे शोधणाऱ्या पद्धतीत) क्षमता व सदिच्छा यांची विधाने एकाच घटकावर गोळा झाली आणि नकारार्थी विधानांचा वेगळाच घटक निघाला. अशा वेळी सर्व विधानांची एकच बेरीज घेऊन पुढे जावे का?

उत्तर १

इतक्यात बेरीज घेऊ नका. आल्फा विधानांच्या संख्येबरोबरही वाढतो, त्यामुळे २४ विधानांच्या मापनीत दोन-तीन घटक दडलेले असतानाही तो ०.९० ओलांडू शकतो. मापनी एकाच गोष्टीचे मापन करते याचा तो पुरावा नव्हे. नकारार्थी विधानांचा घटक बहुधा आशयाचा नसून वाक्यरचनेचा आहे. 'पुढारी दिलेला शब्द पाळत नाहीत' या विधानाला 'असहमत' म्हणताना नकाराचा नकार करावा लागतो, आणि प्रश्नावलीच्या तिसऱ्या पानावर तेवढे कष्ट कोणी घेत नाही. त्याऐवजी 'शब्द फिरवतात' असे सरळ क्रियापद वापरून पाहा. सुधारित मापनीचे पुष्टीकारक घटक विश्लेषण (आधी ठरवलेली घटकरचना उत्तरांशी जुळते का याची तपासणी) मात्र याच २१० जणांवर न करता नव्या नमुन्यावर करावे.

उत्तर २

माझ्या मते खरी अडचण संख्याशास्त्राच्या आधीची आहे. आपल्याकडे 'कामाचा माणूस' म्हणतात तेव्हा त्याला काम जमते आणि तो आपले काम करून देतो, हे दोन्ही अर्थ एकाच वेळी अभिप्रेत असतात. मग क्षमता आणि सदिच्छा वेगळ्या कशा पडणार? त्याहून गुंतागुंतीची गोष्ट अशी की रांग डावलून दाखला मिळवून देणारा नगरसेवक त्या मतदाराच्या लेखी सदिच्छेत वर आणि सचोटीत खाली जातो, आणि पुष्कळांना त्यात विसंगती वाटतही नाही. म्हणून सदिच्छेची विधाने 'माझ्यासाठी' आणि 'सर्वांसाठी' अशी वेगळी लिहून पाहावीत.

विधानांतील कर्ताही तपासा. 'राजकारणी' या शब्दालाच हेटाळणीची छटा आहे, 'लोकप्रतिनिधी' हा शब्द सभ्य पण कागदी आहे, आणि 'आमच्या मतदारसंघाचे आमदार' म्हटले की उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चेहरा येतो. या तिन्हींची सरमिसळ झाली असेल तर मोजमाप कशाचे झाले हे सांगता येणार नाही. दहा-बारा जणांना विधाने मोठ्याने वाचायला लावून 'तुम्हांला यातून काय समजले?' एवढेच विचारा. तज्ज्ञांच्या गुणांकनातून हे दोष हाती लागत नाहीत.

उत्तर ३

वरील दोघांशी सहमत असून सप्रमाणतेबद्दल, म्हणजे मापनी जे मोजायचे तेच मोजते का याबद्दल, थोडी भर घालतो. अमेरिकेतील राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षणात १९५८ पासून शासनावरील विश्वासाचा प्रश्न विचारला जातो. तो राज्यव्यवस्थेवरील अविश्वास दाखवतो की केवळ सत्तेवरील लोकांविषयीची नाराजी, यावर १९७४ मध्ये मिलर आणि सिट्रिन या राज्यशास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. तुमच्या मापनीलाही तोच प्रश्न विचारला जाईल. म्हणून पक्षनिष्ठा, सर्वसाधारण माणसांवरील विश्वास आणि राजकीय तुच्छतावाद (राजकारणी स्वार्थीच असतात ही धारणा) यांची मोजमापे त्याच नमुन्याकडून घ्या. गुण केवळ आवडत्या पक्षानुसार बदलत असतील तर ती पक्षप्रेमाची मापनी ठरेल. पुनर्चाचणीच्या (त्याच लोकांकडून मापनी पुन्हा भरून घेण्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये निवडणूक येऊ देऊ नका, अन्यथा खराखुरा मतबदल मापनीच्या अस्थिरतेच्या खात्यावर जमा होईल.

जाता जाता : आपल्या परिभाषेत 'विश्वसनीयता' (मोजमापातील सातत्य) हा मापनीचा गुण आहे आणि बोलण्यात तो नेत्याचाही असतो. प्रबंधात नेत्यासाठी 'विश्वासार्हता' वापरा, नाहीतर परीक्षक गोंधळतील.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तपासून पाहिले असता ९ विधानांत 'राजकारणी', ८ मध्ये 'आमदार' आणि उरलेल्या ७ मध्ये 'नेते' आढळले. आता 'आमच्या मतदारसंघाचे आमदार' हा एकच कर्ता ठेवून विधाने पुन्हा लिहीत आहे. त्यामुळे प्रबंधाच्या शीर्षकातील 'राजकारणी' हा शब्दही बदलावा लागेल, हे मार्गदर्शकांना कसे सांगायचे तेवढे ठरायचे आहे.